शिकण्यात मागे पडलेला उंदीर: दोष जनुकाचा की क्रे स्ट्रेनचा?

पुण्यात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिनं सिनॅप्समधल्या (चेतापेशींच्या जोडावरच्या) एका प्रथिनाचं जनुक उंदराच्या मेंदूतून काढून टाकलं. त्यासाठी नेस्टिन-क्रे उंदीर (यात मेंदू घडवणाऱ्या पेशींत डीएनए कापणारं क्रे हे एन्झाइम बनतं) आणि त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना लॉक्सपी ही कापण्याची खूण बसवलेला, म्हणजे फ्लॉक्स्ड उंदीर यांचं ब्रीडिंग केलं. जनुक गेलेली पिल्लं अंगानं लहान राहिली. फिअर कंडिशनिंगमध्येही ती मागे पडली: ज्या पेटीत पायाला शॉक बसला होता तिथे दुसऱ्या दिवशी ठेवल्यावर ती भावंडांपेक्षा कमी वेळ थिजून राहतात. कंट्रोल म्हणून तिनं त्याच वेतातली क्रे नसलेली फ्लॉक्स्ड भावंडं घेतली. गाइड म्हणतात, एवढं पुरे. पेपरचे रिव्ह्यूअर म्हणतात, पुरे नाही. तिचं विचारणं असं: बरोबर कोण, आणि आता सगळं पुन्हा करायचं का?

रिव्ह्यूअरचं बरोबर आहे. सगळं पुन्हा करावं लागणार नाही, पण काही भाग करावाच लागेल. मी गेली २२ वर्षं उंदरांच्या मेंदूवर काम करतोय आणि यातल्या बऱ्याच चुका माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या नेस्टिन-क्रेबद्दल, कारण योगायोगानं तुम्ही पाहिलेली दोन्ही लक्षणं या स्ट्रेनमध्ये, म्हणजे उंदरांच्या या वाणात, तुमच्या जनुकाला हात न लावताही दिसतात. नुसत्या नेस्टिन-क्रे उंदरांची वाढ कमी होते. हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण मात्र २०१५ च्या सुमारास नीट पुढे आलं. हा ट्रान्सजीन, म्हणजे उंदरात बाहेरून घातलेलं जनुक, बनवताना क्रेच्या मागे मानवी ग्रोथ हार्मोनच्या जनुकाचा तुकडा जोडला होता. उद्देश एवढाच की आरएनए नीट तयार व्हावा. त्या काळी असे तुकडे सर्रास वापरत. पण हा तुकडा गप्प बसत नाही. उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्ये त्यापासून खरोखरच मानवी ग्रोथ हार्मोन तयार होतं. मेंदूला वाटतं, हार्मोन भरपूर आहे, आणि पिट्यूटरीतून उंदराचं स्वतःचं ग्रोथ हार्मोन येणं कमी होतं. पिल्लू लहान राहतं. दुसरीकडे २०१४ मध्ये नुसत्या नेस्टिन-क्रे उंदरांच्या वर्तनाच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यात फिअर कंडिशनिंगमध्ये हे उंदीर स्पष्टपणे कमी पडलेले दिसले.

तुमच्या प्रयोगात एका बाजूला 'क्रे आहे, जनुक नाही' आणि दुसऱ्या बाजूला 'क्रे नाही, जनुक आहे' असे उंदीर आहेत. म्हणजे दोन गटांत दोन फरक आहेत आणि श्रेय तुम्ही एकाच फरकाला देताय. भावंडं घेतली हे चांगलंच केलंत. आई एकच, पिंजरा एकच, जन्मतारीख एकच, एवढे फरक त्यानं मिटले. क्रेचा फरक मात्र भावंडं घेऊन मिटत नाही. त्यासाठी क्रे असलेला पण जनुक शाबूत असलेला गट लागतोच.

दुसरी शंका मला जास्त छळते, कारण ती कागदावर दिसत नाही. क्रे हे जिवाणूंना लागण करणाऱ्या पी१ नावाच्या विषाणूकडून घेतलेलं एन्झाइम. लॉक्सपी म्हणजे ३४ अक्षरांची खूण. दोन खुणा सापडल्या की क्रे मधला भाग कापून टाकतं. आपण गृहीत धरतो की हे फक्त मेंदूत होतं. पण ज्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागावर, क्रे चालतं तो शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत क्षणभर जरी जागा झाला, तरी पुढच्या पिढीला कापलेलं जनुकच वारशात मिळतं, तेही सगळ्या शरीरभर. मेंदूच्या कामासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ६४ क्रे स्ट्रेनची माहिती २०२० मध्ये एकत्र केली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिक स्ट्रेनमध्ये असं घडत असल्याचं दिसलं. बहुतेक ठिकाणी ते आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच जास्त घडतं. सिनॅप्सिन-क्रेमध्ये नराकडून घडतं, म्हणून तिथे क्रे नेहमी मादीकडून आणायचं.

मी पोस्टडॉक असताना आमच्या प्रयोगशाळेत सिनॅप्सिन-क्रेचे नरच ब्रीडिंगला लावले होते. सात महिन्यांची माहिती गोळा झाल्यावर कळलं की 'कंट्रोल' म्हणून मोजलेल्या कित्येक उंदरांत त्या जनुकाची एक प्रत संपूर्ण शरीरातूनच गेलेली होती. कुणाच्या लक्षात का आलं नाही, हे समजून घ्या, कारण तुमच्या अॅनिमल हाउसमध्येही पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणारी चाचणी) बहुधा तसाच चालत असेल. नेहमीच्या जीनोटायपिंगमध्ये, म्हणजे पिल्लाकडे जनुकाची कुठली प्रत आहे हे पाहताना, दोन प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) असतात, एका लॉक्सपीच्या अलीकडे आणि पलीकडे. साधं जनुक असेल तर जेलवर लहान बँड (डीएनएचा पट्टा), फ्लॉक्स्ड असेल तर किंचित मोठा. कापलेल्या जनुकात पलीकडच्या प्रायमरची जागाच उरलेली नसते, म्हणून त्याचा बँडच येत नाही. आता बापाकडून कापलेली प्रत आली आणि आईकडून फ्लॉक्स्ड, तर जेलवर फक्त फ्लॉक्स्डचा बँड दिसतो आणि वहीत लिहिलं जातं: दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड. प्रत्यक्षात त्या पिल्लाकडे जनुकाची एकच प्रत असते.

उपाय स्वस्त आहे. दुसऱ्या लॉक्सपीच्या पलीकडे तिसरा प्रायमर बसवा, म्हणजे कापलेल्या प्रतीचा स्वतःचा बँड येईल. निकाल वाचताना एक काळजी घ्या. क्रे असलेल्या पिल्लाच्या शेपटीच्या डीएनएत हा बँड फिकट दिसला तर दचकू नका. शेपटीत मज्जातंतू असतात आणि नेस्टिन मेंदूबाहेरही काही ठिकाणी चालू असतं. पण क्रे नसलेल्या पिल्लात तो बँड अगदी फिकटही दिसता कामा नये. दिसला तर ते पिल्लू कंट्रोल म्हणून बाद, आणि त्याचे आईबाप ब्रीडिंगमधून बाहेर. जुन्या उंदरांच्या शेपट्या फ्रीझरमध्ये ठेवल्या असतील अशी आशा करतो. या आठवड्यात करायचं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

आता बॅकग्राउंड, म्हणजे उंदराचा बाकीचा वंश. तुमचा फ्लॉक्स्ड उंदीर 'ब्लॅक सिक्सवर' आहे असं तुम्ही लिहिलंय. कुठल्या ब्लॅक सिक्सवर? सी५७ ब्लॅक ६ चं मूळ घराणं अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत सांभाळलं गेलं, ते ६जे. १९५१ मध्ये त्याची एक शाखा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे गेली; ती ६एन. दोन्हींचा रंग काळाच, नावही लोक एकच घेतात, पण वाटा वेगळ्या झाल्या. ६जेमध्ये मायटोकाँड्रियाच्या एन‌एनटी नावाच्या जनुकाचे पाच एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेले भाग) गळलेले आहेत. ६एनमध्ये सीआरबी१ या जनुकात बदल आहे आणि त्यानं डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो. ६एनमधल्या सिफिप२ जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे कोकेनला मिळणारा प्रतिसादही ६जेपेक्षा वेगळा असतो. फ्लॉक्स्ड एका शाखेवर आणि क्रे दुसऱ्या शाखेवर असेल, तर तुमच्या प्रत्येक वेतात हे फरक पिल्लागणिक वेगवेगळे वाटले जाताहेत.

या बाबतीतलं सर्वांत बोलकं उदाहरण सी५७ ब्लॅक ६च्या ओलाएचएसडी या शाखेचं. पार्किन्सनच्या संशोधनात मध्यवर्ती असलेलं अल्फा-सिन्यूक्लिनचं जनुकच या उंदरांत नाही. कुणी मुद्दाम काढलेलं नाही, आपोआप गळलं आणि पूर्ण शाखेत स्थिरावलं. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी लोक हे उंदीर साधे, सामान्य उंदीर समजून वापरत होते. प्रयोगात काय होतं यापेक्षा प्रयोगात काय नव्हतं हेच त्यांना माहीत नव्हतं. म्हणून पेपरमध्ये 'सी५७ ब्लॅक ६' एवढं लिहून थांबू नका. शाखा, स्ट्रेनचा क्रमांक, कुठून आणला आणि किती पिढ्या तुमच्याकडे आहे, सगळं लिहा. दर पाच ते दहा पिढ्यांनी मूळ ठिकाणचे उंदीर आणून संकर करावा, नाहीतर तुमच्याच अॅनिमल हाउसमध्ये एक नवी शाखा तयार होते.

फ्लॉक्स्ड उंदीर जुन्या पद्धतीनं, १२९ जातीच्या स्टेम सेलमध्ये बनवला असेल तर आणखी एक गोष्ट. दहा पिढ्या ब्लॅक सिक्सशी संकर केला तरी तुमच्या जनुकाच्या शेजारचा पट्टा १२९चाच राहतो, कारण जनुक निवडताना आपण शेजाऱ्यांनाही निवडत असतो. दहा पिढ्यांनंतर हा पट्टा सरासरी २० सेंटिमॉर्गनचा (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक) असतो आणि त्यात शेकडो जनुकं मावतात. १२९च्या काही शाखांत मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसमच अपुरा असतो, त्यामुळे हा शेजार दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तुमचा उंदीर क्रिस्परनं थेट ब्लॅक सिक्सच्या भ्रूणात बनवला असेल तर ही अडचण नाही. तिथे मात्र पहिला उंदीर मोझेक असतो, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या पेशींत बदल वेगवेगळा असतो, आणि कापलेल्या जागी मोठा तुकडा गळालेला असू शकतो. अपेक्षित बँड आला म्हणून थांबू नका, ती संपूर्ण जागा सीक्वेन्स करून घ्या.

डोळे आणि कान तपासा, हे तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. एफव्हीबी आणि एसजेएल या जातींत आरडी१ हा दोष असतो. त्यांची दृष्टी महिना-सव्वा महिन्यात जाते. अल्झायमरसाठी वापरला जाणारा ५एक्सएफएडी उंदीर मूळचा ब्लॅक सिक्स आणि एसजेएलच्या मिश्रणावर बनवला होता. त्या मिश्रणातल्या एखाद्या आंधळ्या पिल्लाला भिंतीवरच्या खुणा दिसल्या नाहीत, तर त्याला 'स्मृतिभ्रंश' ठरवणं सोपं आहे. तुमच्या प्रयोगात प्रश्न कानाचा. ब्लॅक सिक्समध्ये सीडीएच२३ जनुकातल्या बदलामुळे उंच स्वर ऐकू येणं वयाच्या काही महिन्यांतच कमी होऊ लागतं. पुढे आवाजाशी जोडलेली भीती तपासायची असेल तर उंदीर आठ ते बारा आठवड्यांचे असतानाच तपासा, आणि दोन्ही गटांचं वय सारखं ठेवा.

पुढच्या टप्प्यात ऑप्टोजेनेटिक्स (प्रकाशानं चेतापेशी चालू-बंद करणं) आणि कॅल्शियम इमेजिंग (कॅल्शियमवरून चेतापेशींचं काम बघणं) करायचा तुमचा विचार आहे, म्हणून दोन सूचना इथेच देतो. क्रेची जी अडचण तीच त्या साधनांचीही. कोलिनर्जिक, म्हणजे अॅसिटिलकोलिन हे रसायन सोडणाऱ्या, पेशींत चॅनलरोडॉप्सिन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन असलेला एक लोकप्रिय उंदीर आहे. त्याचा ट्रान्सजीन ज्या मोठ्या डीएनए तुकड्यात बसवला, त्यात अॅसिटिलकोलिनला पिशव्यांत भरणाऱ्या प्रथिनाचं जनुकही आपसूक आलं, कारण निसर्गात ते जनुक त्याच जागेच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये असतं. परिणाम असा की दिवा लावायच्या आधीच त्या उंदरांचं लक्ष आणि शारीरिक दम वेगळा असतो. दुसरं, जीकॅम्प६ हे कॅल्शियम दाखवणारं प्रथिन भरपूर प्रमाणात बनवणाऱ्या काही ट्रान्सजेनिक जोड्यांत कॉर्टेक्समध्ये अपस्मारासारखे विद्युत झटके दिसतात. २०१७ मध्ये हे एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांच्या नोंदींतून पुढे आलं. सात आठवड्यांपर्यंत डॉक्सिसायक्लिन हे औषध देऊन ट्रान्सजीन बंद ठेवला तर त्रास कमी होतो. त्या टप्प्याला पोचलात की इमेजिंग सुरू करण्याआधी साधं ईईजी बघा.

आता हिशेब. पूर्ण उत्तर देणारं ब्रीडिंग असं: एक पालक क्रे आणि एक प्रत फ्लॉक्स्ड, दुसरा क्रे नसलेला आणि एक प्रत फ्लॉक्स्ड. यातून जनुक गेलेली, नुसती क्रे, नुसती फ्लॉक्स्ड आणि अगदी साधी, अशी चारही प्रकारची भावंडं एकाच वेतात मिळू शकतात. पण प्रत्येक प्रकार आठात एक. प्रत्येक प्रकारचे १२ नर आणि १२ माद्या हव्या तर सुमारे १९२ पिल्लं जन्माला यावी लागतील. वेताला सहा पिल्लं जगतात असं धरलं तर ३२ वेतं. सध्याच्या तुमच्या ब्रीडिंगमध्ये दुसरा पालक दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असलेला आहे, त्यात हवा तो प्रकार चारात एक मिळतो, म्हणजे निम्मी पिल्लं पुरतात. पण त्यात नुसती क्रे कधीच मिळत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर वर्तनाचा मुख्य प्रयोग सध्याच्याच ब्रीडिंगवर ठेवला असता आणि क्रेसह एक प्रत फ्लॉक्स्ड असलेली भावंडं तिसरा गट म्हणून घेतली असती. ही पिल्लं तुमच्याकडे दर वेतात पाव हिश्श्यानं जन्मतात आणि तुमच्या वर्णनावरून तुम्ही ती मोजतच नाही. त्यांच्यात क्रे पूर्ण आहे, जनुक अर्धं आहे. ती क्रे नसलेल्या भावंडांसारखी वाढली आणि थिजली, तर क्रेवरचा संशय जवळजवळ मिटतो. ती लहान राहिली आणि कमी थिजली, तर दोष क्रेचा की अर्ध्या जनुकाचा हे त्यांच्यावरून सांगता येणार नाही. मग नुसत्या क्रेचा गट लागेलच. तो मोठ्या ब्रीडिंगमधून, पण कमी संख्येनं करा.

या सगळ्याला आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीची, नवी परवानगी लागेल. फॉर्म बी हा परवानगीचा अर्ज भरताना वर दिलेला हिशेब तसाच्या तसा मांडा. किती पिल्लं जन्मतील, त्यातली किती वापरली जातील आणि उरलेल्यांचं काय, हे समितीला स्पष्ट सांगितलं की बहुतेक वेळा अडत नाही. चुकीच्या कंट्रोलवर शंभर उंदीर वापरणं आणि त्यातून काहीच न कळणं, याचं मला आजही सर्वांत जास्त वाईट वाटतं. त्या प्राण्यांना शॉक बसलाच, फक्त उत्तर मिळालं नाही.

संख्येत काटकसर करू नका. एएलएस या चेतापेशींच्या आजारासाठी वापरल्या जाणाऱ्या एसओडी१ उंदरांवर ७० हून अधिक औषधं पुन्हा तपासल्यावर २००८ मध्ये दिसलं की आधी प्रसिद्ध झालेले बरेचसे फायदे लहान गटांतल्या योगायोगाचे होते. त्या उंदरांत ट्रान्सजीनच्या प्रती पिढ्यांमध्ये गळाल्या तरी आयुष्य वाढतं आणि औषध लागू पडल्याचा भास होतो. आकडेमोड करताना वेत हा घटक धरा. एकाच वेतातली चार पिल्लं म्हणजे चार स्वतंत्र पुरावे नव्हेत.

चाचणीच्या खोलीबद्दल थोडंच. १९९९ मध्ये ऑल्बनी, पोर्टलँड आणि एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच जाती, त्याच उपकरणांवर, त्याच दिवशी तपासल्या. त्यांत सिरोटोनिनच्या एका रिसेप्टरचं जनुक काढलेले उंदीरही होते. इतकं सारखं करूनही काही चाचण्यांचे निकाल गावागणिक बदलले. २०१४ मध्ये तर दिसलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासानंही उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदना दबते. शॉक देऊन भीती मोजणाऱ्या प्रयोगात हे फार महत्त्वाचं आहे. उंदीर हाताळणारी व्यक्ती मध्येच बदलू नका, आणि त्या व्यक्तीला जीनोटाइप माहीत नसावा.

तुमच्या निकालाबद्दल आणखी दोन शंका मला आहेत. शॉकला दोन्ही गट सारखेच दचकतात का, हे पेपरमध्ये नाही. कमी दचकणारा उंदीर कमी शिकेलच, त्यात स्मृतीचा दोष नाही. आणि तुमची पेटी थिजणं वजनाच्या सेन्सरवरून मोजत असेल, तर लहान अंगाच्या उंदरासाठी तिचा उंबरठा वेगळा लावावा लागतो. थोडे व्हिडिओ हातानं मोजून पडताळा घ्या.

रिव्ह्यूअरचं सर्वांत चांगलं समाधान मात्र वेगळ्याच प्रयोगानं होईल. नेस्टिन-क्रे बाजूला ठेवा. दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असलेल्या प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागात) एएव्ही या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूतून क्रे सोडा आणि तीन-चार आठवड्यांनी तपासा. वाढीचा प्रश्नच येत नाही, कारण उंदीर आधीच वाढलेला आहे. इथेही तीन गट: फ्लॉक्स्डमध्ये क्रे, फ्लॉक्स्डमध्ये नुसतं जीएफपी हे चमकणारं प्रथिन, आणि साध्या उंदरात क्रे. विषाणूचा डोस चढा झाला तर क्रे स्वतःच चेतापेशींना इजा करतं, म्हणून आधी डोस कमी करत करत जनुक जाईल पण पेशी शाबूत राहतील असा बिंदू शोधा. पेशी शाबूत असल्याची खात्री न्यूएन हे चेतापेशींतलं प्रथिन रंगवून करा. तिथेही उंदीर कमी थिजले, तर तुमचं जनुक भीतीच्या स्मृतीसाठी लागतं हे म्हणायला बळ येईल, आणि नेस्टिन-क्रेची जुनी माहितीही योग्य त्या सूचनेसह पेपरमध्ये ठेवता येईल.

नवं ब्रीडिंग सुरू करण्याआधी अॅनिमल हाउसचं रजिस्टर काढा. दूध सोडवताना पिल्लांची वजनं नोंदवली असतीलच. क्रेसह एक प्रत फ्लॉक्स्ड असलेल्या, न मोजलेल्या भावंडांची वजनं वेगळी काढून क्रे नसलेल्यांशेजारी मांडा, नर आणि माद्या वेगळे. एका संध्याकाळचं काम आहे. ते आकडे पाठवलेत तर मोठं ब्रीडिंग लावायचं की नाही, हे आपल्याला आकड्यांवरूनच ठरवता येईल.